डोळ्याचा वाटा

"दिसते का, तात्या?"

"दिसता."

मी दोरी एक खूण खाली सोडली. "आता?"

"दिसता. हिरवी झाली, पण दिसता."

"आणि आता?"

तात्यांनी जरा वेळ घेतला. कपाळाला हाताची झापड लावून ते होडीच्या काठावरून खाली वाकले होते. "गेली," ते म्हणाले.

मी दोरीवरचा लाल धागा बघितला, वहीत 'साडेपाच मीटर' लिहिलं आणि होडीच्या दुसऱ्या काठाशी जाऊन पोटात होतं नव्हतं ते समुद्राला देऊन टाकलं. नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. वेळ तरी अचूक साधली म्हणायची.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी जत तालुक्यातली. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारा एवढासा तुकडा. त्यात पोहरा निसटला की आम्ही पोरी काठावर पालथ्या पडून तो बुडताना बघायचो. एवढ्या पात्रतेवर मला समुद्राचं पाणी किती नितळ आहे ते मोजण्याची नोकरी लागली. काम असं होतं : गोव्याहून एक छोटं विमान उडायचं, त्याच्या पोटातला कॅमेरा समुद्राचा रंग टिपायचा, आणि त्या रंगावरून पाणी कुठे नितळ, कुठे गढूळ ते ठरायचं. पण विमानाच्या एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून विमान वरून जाताना खाली कोणीतरी होडीतून एक पांढरी ताटली पाण्यात सोडायची. खाली जाताना ती हरवते ती एक खूण, वर येताना सापडते ती दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे त्या पाण्याची नितळता. या कामाला यंत्र चालायचं नाही, माणसाचा डोळाच लागायचा.

तो माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे चष्मा होता, चष्म्यावर खारं पाणी होतं, आणि होडी हलली की मला आकाश कुठलं आणि पाणी कुठलं तेच कळेनासं व्हायचं.

कातळखोल हे सिंधुदुर्गातलं मासेमारांचं गाव. रापणीचं. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी ओढायची, ती रापण. मासा कुठे आहे हे होडीतल्यांना दिसत नाही. ते गावामागच्या कड्यावरून दिसतं, पाण्यावर सांडलेल्या काळसर डागासारखं. त्यासाठी कड्यावर एक माणूस उभा असतो. तो पंचा हलवतो तशी होडी वळते, आणि त्याने पंचा डोक्यावर गोल फिरवला की जाळं सुटतं. किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात तेव्हा त्याच्यासाठी एक जास्तीचा वाटा निघतो. त्याला म्हणतात डोळ्याचा वाटा.

जानूतात्या पेडणेकर बत्तीस वर्षं तो वाटा घेत होते. आधी त्यांचे वडील, त्याआधी आजोबा. मी गावात उतरले त्याच दिवशी रापणीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, मुकुंद केळुसकर म्हणाला, "तुमका डोळो होयो मा? आमच्या जानूतात्यासारखो डोळो आख्ख्या किनाऱ्यार नाय. म्हातारपणी उलट तेज झालो. दोन वर्षां एक रापण रिकामी येवक नाय. घेवन जावा तेंका." तात्या काहीतरी पुटपुटले, पायाचं दुखणं सांगू लागले, पण मुकुंदने त्यांना बोलूच दिलं नाही. वल्ही मारायला बाबल मिळाला. तो चाळिशीचा, गप्प, आणि दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा. हाताने दाखवाल तिकडे होडी नेणारा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून आमच्या प्रकल्पाच्या सरांना आकडे सांगितले. सर स्वतः विमानात होते.

"तीन नंबरच्या ठिकाणाला साडेपाच मीटर?" ते म्हणाले. "मी खिडकीतून पाहिलं, खाडीचा गढूळ पट्टा बरोबर त्या ठिकाणावरून गेला होता. दीड मीटरसुद्धा दिसलं नसेल. ताटली बुडवलीस की खोलीत बसून आकडे लिहिलेस?"

"बुडवली, सर."

"मग बघत कोण होतं?"

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असलं काहीतरी बोलून सरांनी फोन ठेवला. ते किती खरं बोलून गेले ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या संध्याकाळी मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उलटीची गोळी घेऊन होडीत बसले. तिने उलटी थांबली, पण सगळं मऊ झालं. सूर्य मऊ, बाबलची पाठ मऊ, वल्ह्याचा आवाज कुठून तरी लांबून येणारा. पाण्यावर नजर ठेवली की नजर तिथेच राहायची, मी मागे सरकले तरी. त्या गुंगीत ताटली उतरत होती. आधी पांढरी, मग पिवळसर, मग हिरवी, आणि शेवटी ती आहे की आपल्याला आठवतेय ते सांगता येणार नाही अशी. अशाच एका वेळी मला ते सुचलं. का सुचलं, सांगता येत नाही. मी दोरी अगदी हळू वर घेतली, ताटली पाण्यातून अलगद काढली आणि मांडीवर ठेवली.

"दिसते का, तात्या?"

तात्या काठावरून खाली वाकलेले. "दिसता."

मी थांबले. ताटलीचं पाणी माझ्या मांडीवरून फळीवर गळत होतं. "आता?"

"दिसता. हिरवी झाली."

"आता?"

"गेली," तात्या म्हणाले.

मला रडू आलं. राग यायला हवा होता, माझी नोकरी जायची वेळ आली होती. पण तो माणूस जसं मन लावून रिकाम्या पाण्यात बघत होता ते मला बघवेना. फळीवरचं पाणी ओघळत त्यांच्या पायाशी गेलं. त्यांनी पाय उचलला, मग हात पुढे करून चाचपडलं. बोटं ताटलीच्या कडेला लागली आणि तिथेच थांबली.

"वर घेतलंस मा?" ते म्हणाले.

"कधीपासून, तात्या?"

"दोन वर्षां झाली. डोळ्यात दूध सांडल्यासारख्या वाटता. उजेड दिसता, माणूस उभो आसा ता दिसता. चेरो दिसना नाय."

"मग काल आकडे कसे सांगितलेत?"

"ह्या पाण्यात जल्म गेलो. खय किती दिसता ता ठावक आसा माका. काल खाडी फिरली, ती काय माका सांगान फिरली नाय."

"आणि कड्यावरून मासा कसा दिसतो?"

बाबल आमच्याकडे पाठ करून वल्ही मारत होता. तात्या ताटलीवरचा हात काढून घेत म्हणाले, "मुकुंदाक सांगू नको, बाये. ती जागा गेली की मगे मी कोण? पडवेत बसलेलो एक म्हातारो."

नाही सांगणार, असं मी म्हटलं. त्या दिवशीचे आकडे मी स्वतःच्या डोळ्यांनी घेतले. गोळीने डोळे इतके जड झाले होते की एकाच जागेचे दोन आकडे मीटरभराने वेगळे आले.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी कडा चढले. हे कोडं मला झोपू देत नव्हतं. खाली किनाऱ्यावर माणसं उभी, पाण्यात रापणीची होडी, होडीत पुढे मुकुंद, मान वर करून कड्याकडे बघणारा. कड्याच्या टोकाला तात्या पंचा घेऊन. आणि त्यांच्या मागे करवंदीच्या जाळीत, खालून कोणाला दिसणार नाही अशी, त्यांची बायको मथुराकाकी उकिडवी बसलेली. पुढ्यात पेजेचं भांडं. ती बाजारात मासे विकायची. कड्यावर बाईमाणूस गेलं की मासा उलटा फिरतो, असं गाव मानत होतं. नवऱ्याला पेज द्यायची आणि तसंच खाली उतरायचं, एवढीच तिला मुभा होती.

ती समुद्रावरची नजर न हलवता बाजाराचंच काहीतरी पुटपुटत होती. "तारले... तारले... अजून तारले." तात्यांचा पंचा जमिनीच्या बाजूला हलला. "सुरमय, वाईच सुरमय." पंचा खोल समुद्राकडे हलला. खाली होडी वळली. "बांगडे. बांगडे!" तात्यांनी पंचा डोक्यावर गरगरा फिरवला आणि होडीतून जाळं सुटलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. तारले म्हणजे किनाऱ्याकडे, सुरमय म्हणजे खोलाकडे, बांगडे म्हणजे टाक जाळं. चुकून कोणी ऐकलंच तर म्हातारा-म्हातारी बाजाराचं बोलतायत असं वाटावं. दोन वर्षं एकही रापण रिकामी न आणणारा तो तेज डोळा पेजेच्या भांड्यामागे बसलेला होता.

काकीने मान वळवली आणि मला पाहिलं. "बघलंस मा?" ती म्हणाली. "आता गावभर होतला."

"नाही, काकी. मी कोणाला काही सांगणार नाही. पण आज नऊ वाजता मला तुमचे डोळे हवेत."

हे वाक्य आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं. सौदा करायचा माझा विचार नव्हता. पण ऐकणाऱ्याला तो सौदाच वाटणार, आणि काकीला तसाच वाटला.

"आणि हेंच्याकडे कोण बघतला?"

"रापण आठला आटपते ना? मला नऊनंतर दीड तास पुरे."

"माशाक घड्याळ नसता, बाये."

तात्या समुद्राकडे तोंड करून उभे होते. "जा," ते म्हणाले. "चाळीस वर्षां नुसती लांबसून बघीत इलंस. एकदा बसान बघ होडयेत."

खरंच ती कधी होडीत बसली नव्हती. मासेमाराच्या घरात जन्मली, मासेमाराच्या घरात आली, दर्या रोजचा. पण बायकांनी टोपली घ्यायची, होडी नाही. किनाऱ्यावर मुकुंदने आम्हाला पाहिलं, काकीकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सरकारी कामाक चलता."

त्या सकाळचा समुद्र मी पुन्हा कधी पाहिला नाही. वारा पडलेला. पाणी इतकं स्वस्थ की होडी चालतेय हे कड्याकडे बघितलं तरच कळायचं. मी गोळीच्या गुंगीत, आणि काकी काठावर हनुवटी टेकून, हात पाण्यात सोडून, हसत. "ह्यां असा आसता काय आतसून," एवढंच तीनचारदा म्हणाली. ताटली सोडली की ती मला सगळा प्रवास सांगायची. आता तांदळाच्या धुवणासारखी. आता ताकात मिरची वाटून घातल्यासारखी. आता नाय. थांब, वर घे, इली. मी आकडे लिहीत गेले. जाताना आणि येताना बोटभराचाही फरक पडत नव्हता. पोहरा बुडताना बघणाऱ्या आम्हा पोरींच्यात ही असती तर पोहरा कुठे पडलाय ते तिने झोपेतही सांगितलं असतं, असं मला वाटत होतं. मी खूप सुखात होते.

चौथं ठिकाण कड्याच्या पायथ्याशी, हाक पोचेल इतकं जवळ होतं. विमान दहा वाजून दहा मिनिटांनी वरून जाणार होतं. सहा मिनिटं राहिली होती. मी ताटली काकीपुढे धरली.

तिने ती घेतली नाही. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. "पाणी शिजता थंय," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. शंभर हातांवर पाण्याचा एक मोठा तुकडा बारीक बारीक उकळत होता. वर पक्षी जमत होते. किनाऱ्यावर आरोळी उठली, माणसं जाळ्याकडे धावली, मुकुंदची होडी पाण्यात शिरली. आणि सगळ्यांच्या माना कड्याकडे वळल्या. वर जानूतात्या उभे होते. हातात पंचा. मागे करवंदीची जाळी, आणि तिच्यात कोणी नाही.

"देवा," काकी म्हणाली. "एकटे आसत ते."

पंचा हलला नाही. होडी थांबली. मी काहीच करू शकत नव्हते. मीच तिला तिथून उचलून आणलं होतं.

काकी होडीत उभी राहिली. होडी डुचमळली, तिने एक हात बाबलच्या डोक्यावर टेकला आणि तिच्या तोंडून बाजारातली आरोळी निघाली. चार गल्ल्या ऐकू जाईल अशी.

"तारले घेयाऽऽ गोऽऽ, तारले!"

वर तात्यांची मान हलली. पंचा जमिनीकडे वळला. होडी वळली.

"सुरमय आसा गोऽऽ, सुरमय!"

पंचा खोलाकडे. किनाऱ्यावर कोणीतरी मोठ्याने हसलं. म्हातारीला दर्या चढला, असं वाटलं असणार. काकी ओरडत राहिली, पंचा हलत राहिला, मुकुंदची होडी त्या उकळत्या पाण्याला वळसा घालत सरकली. आणि तेवढ्यात दक्षिणेकडून ते घरघरणं आलं. दहा वाजून दहा. विमान.

"बांगडेऽऽ!" काकी ओरडली.

तो आवाज तिच्या शेजारी असलेल्या मलाही ऐकू आला नाही. तिचं उघडं तोंड तेवढं दिसलं. विमान खाली आलं होतं आणि सगळा किनारा त्या आवाजाने भरला होता. तात्या पंचा अर्धवट उचलून कान देत होते. मासा वळू लागला होता. काकीने एकदा कड्याकडे पाहिलं, एकदा होडीकडे. मग माझ्या हातातली पांढरी ताटली ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर गोल फिरवली. सगळ्या गावासमोर.

मुकुंदने जाळं सोडलं. त्याच क्षणी सोडलं.

विमान गेलं. शांतता झाली. "बांगडे," काकी पुन्हा ओरडली, पण आता आवाज फाटला होता. वर तात्यांनी पंचा डोक्यावर घेतला आणि जोरजोराने गरगरा फिरवला. खाली निम्मं जाळं तोवर पाण्यात पडलं होतं.

माझ्या वहीत चौथ्या ठिकाणापुढे नुसती रेघ आहे. पाचशे फुटांवरून आम्ही येतो आणि तुला एक ताटली बुडवता येत नाही, असं सर म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. त्या मिनिटाचं विमानातून घेतलेलं चित्र मात्र मी मागून घेतलं. काळसर डाग आहे, त्याच्याभोवती जाळ्याचा अर्धाच काढलेला कंस आहे, आणि बाजूला एका होडीत एक पांढरा ठिपका आहे. तात्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे महिन्याभराने झालं, मीच घेऊन गेले. पण ते माझं शहाणपण नव्हतं.

जाळं ओढायला दोन तास लागले. मी वाळूत बसले होते. मुकुंद दोरी सोडून माझ्याजवळ आला, सोललेल्या तळव्यांवर फुंकर मारत.

"बाई, तुमका कधी समाजला?"

"काल," मी म्हणाले. मग धीर करून विचारलं, "आणि तुम्हाला?"

"दोन वर्षां. आदी तात्या सरळ कापाड हलवी. हल्ली हलवच्या आदी मान मागे वळवता. मी रोज खालसून बघतंय."

"मग माझ्या होडीवर त्यांना का पाठवलंत?"

"तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "ताटली दिसना नाय ह्यां एका दिवसात तुमका कळतला, नि तुमी तेंका डोळ्याच्या डॉक्टराकडे नेशात, असा वाटला. आमी बोललो असतो तर तेंनी कड्यावरसून उडी घेतल्यानी असती. परक्या माणसान सांगलेला चलता."

दोन दिवस तात्या माझ्यासमोर दुधाळ डोळे घेऊन बसले होते. मी त्यातून एक आकडा काढला, मग त्यांच्या बायकोचे डोळे मागून नेले. डॉक्टर मला एकदाही आठवला नव्हता. इतकी लाज मला नंतर क्वचितच वाटली.

वाटे पडले. तारले आणि बांगडे, जाळं फाटेल इतके. तात्या कड्यावरून उतरून आले होते, पंचा खांद्यावर, चेहरा दगडासारखा. ताटलीचं त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. सगळे मुकुंदच्या हाताकडे बघत होते. डोळ्याचा वाटा आज कुठे पडतो, की पडतच नाही.

मुकुंदने टोपली भरली आणि काकीच्या पायाशी ओतली. "डोळ्याचो," तो म्हणाला. मग तेवढीच दुसरी टोपली भरून तात्यांच्या पायाशी ओतली.

"ह्यो कसलो?" तात्यांनी विचारलं.

"कापडाचो."

"कापडाचो वाटो कधीपासून?"

"आजपासून. डोळो खय पण बसात. कापाड कड्यावर लागतलाच."

तात्या खाली बसले. हात मासळीवरून फिरवला, एक बांगडा उचलला, ठेवला. "मोठो दिसता वाटो," ते म्हणाले.

काकी त्यांच्या शेजारी बसली. "दिसता?" तिने विचारलं.

पन्नास माणसं ऐकत होती. तात्यांनी जरा वेळ घेतला, होडीत घ्यायचे तसाच.

"नाय," ते म्हणाले. "दिसना नाय."

मुकुंदने टोपली उचलली आणि पुढचा वाटा घातला.